जानेवारीतले कुमाऊँ : चीर, कोकलास आणि आयबिसबिल एकाच सहलीत जमतील का?

मुळाकाठी (पुणे) : प्रश्न

नमस्कार. आम्ही पुण्यातले सहा जण गेली बारा-तेरा वर्षे एकत्र पक्षी पाहतो. आजवरची आमची भटकंती सिंहगडची दरी, ताम्हिणी, भिगवण, नान्नज आणि एकदा मेळघाट एवढ्यापुरतीच राहिली. येत्या जानेवारीत, १० ते १७ तारखेदरम्यान, पहिल्यांदाच हिमालयात, उत्तराखंडातल्या कुमाऊँत, जायचे ठरवले आहे. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांचे वय ६८ असून त्यांच्या एका गुडघ्याला चढ सोसत नाही. बाकीचे सगळे दिवसाला सात-आठ किलोमीटर सहज चालणारे आहेत.

मनात धरलेले पक्षी पाच आहेत : चीर, कोकलास आणि मोनाल हे तीन फेझंट (रानकोंबड्यांचे नातलग), नदीपात्रातला आयबिसबिल आणि खडकांवरचा वॉलक्रीपर. त्यांना समोर ठेवून मी असा आराखडा केला आहे. पहिल्या दोन रात्री रामनगरला कोसी नदीसाठी, पुढच्या दोन नैनितालजवळच्या पंगोटला, एक सातताल येथे आणि शेवटच्या दोन मोनालसाठी गढवालात चोपता येथे. कागदावर हे सगळे नीट बसते, परंतु ज्या अर्थी ते इतके नीट बसते त्या अर्थी कुठेतरी माझी चूक होत असावी, अशी शंका येते. एका सहल-कंपनीने जवळपास असाच कार्यक्रम आम्हांला आखून दिला आणि पाचही पक्ष्यांची 'हमी' देऊ केली, तेव्हा ही शंका अधिकच बळावली.

विचारायचे मुख्यतः एवढेच आहे की हा आराखडा व्यवहार्य आहे का, नसेल तर त्यातले काय गाळावे, आणि चीर पाहण्यासाठी दोन सकाळी पुरेशा होतील का. आमच्याकडे ८×४२ च्या चार दुर्बिणी आणि दोन कॅमेरे आहेत. स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची, लांबचे दाखवणारी एकनळी दुर्बीण) नाही आणि तो विकत घेण्याची ऐपतही नाही. भाड्याने आणण्याइतकी त्याची खरोखर गरज भासते का, हेही जाणकारांनी सांगावे.

दुर्बीणवाला (ठाणे)

आपली शंका बरोबर आहे. आराखड्यातले चोपता गाळावे, आणि ते गाळल्यावर हाती येणारे दिवस दुसऱ्या नव्या ठिकाणाला न देता पंगोटलाच द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

चोपता नकाशावर जवळ दिसते, पण नैनितालच्या बाजूने तिथे पोहोचायला डोंगरी रस्त्याने अख्खा दिवस जातो आणि परतायला तेवढाच दुसरा दिवस लागतो. सातांपैकी दोन दिवस गाडीत गेले, तर उरलेल्या पाचांत चार ठिकाणे बसवावी लागतात आणि प्रत्येक ठिकाणच्या वाट्याला जेमतेम एक सकाळ येते. हिवाळ्यातल्या हिमालयात सकाळ हीच खरी पुंजी असते. जानेवारीत तिकडे सात-सव्वासातला सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. मधल्या वेळेतही दरीच्या कोणत्या बाजूला ऊन कधी पोहोचते यावर पक्ष्यांची सारी हालचाल ठरलेली असते.

आपल्याकडे सह्याद्रीत आपण पक्षी 'कुठे' आहे असे विचारतो. हिमालयात तो 'किती उंचीवर' आहे हे आधी विचारावे लागते. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार मीटरांवर घरटी करणारे कितीतरी पक्षी थंडीत हजार-दीड हजार मीटर खाली उतरतात. हे स्थलांतर सैबेरियाहून भिगवणला येणाऱ्या बदकांसारखे लांबचे नसते, एकाच डोंगराच्या जिन्यावर वर-खाली करण्याचे असते. म्हणूनच सुमारे १,३७० मीटरांवरचे सातताल, २,००० मीटरांच्या आसपासचे पंगोट आणि साडेतीनशे मीटरांवरचे रामनगर या तीन पायऱ्या एकाच जिन्यावरच्या आहेत आणि सात दिवसांना त्या पुरून उरतात. पक्षी या जिन्यावर किती खाली उतरतात, हे त्या-त्या वर्षीच्या बर्फावर ठरते. थंडी कोरडी गेली तर पुष्कळसे पक्षी वरच राहतात. चांगला बर्फ पडला की पुढच्या आठवड्यात सातताल गजबजून जाते. त्यामुळे निघण्यापूर्वी तारखांइतकीच चौकशी 'वर बर्फ पडला का' याचीही करावी, आणि पंगोट व सातताल यांतल्या रात्री थोड्या इकडच्या तिकडे करता येतील अशी सोय ठेवावी.

आता चीरविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या यादीतला सर्वांत अवघड पक्षी तोच आहे. चीर हा पश्चिम हिमालयातला पक्षी आहे. जगात तो पाकिस्तानच्या उत्तरेपासून नेपाळपर्यंतच्या पट्ट्यातच सापडतो, जागतिक यादीत त्याची गणना 'असुरक्षित' प्रजातींत होते आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. पण दुर्मिळपणापेक्षा त्याची आवडती जागाच त्याला पाहणे कठीण करते. त्याला दाट जंगल नको असते. उभा, खडकाळ, उंच गवताने भरलेला आणि मधूनमधून एखादे झाड असलेला उतार त्याला लागतो, जिथे माणसाला धड उभे राहता येत नाही. अंगावर पेंढ्याच्या रंगाची पिसे आणि त्यांवर काळे पट्टे असल्याने थंडीत वाळलेल्या गवतात तो बसला की नाहीसाच होतो. चोचीने माती उकरून तो मुळे आणि कंद खातो, त्यामुळे कित्येकदा पक्ष्याऐवजी फक्त हलणारे गवत दिसते.

पंगोटच्या पुढे विनायकच्या बाजूला असे उतार आहेत. पहिल्या उजेडाच्या आधी रस्त्याच्या वळणावर पोहोचायचे, गाडीचे इंजिन बंद करायचे, दरवाजे आपटू द्यायचे नाहीत आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने दुर्बिणीतून पाहत राहायचे. वसंतात ते पहाटे बरेच बोलतात. जानेवारीत आवाज कमी असतो, परंतु या दिवसांत ते लहान कुटुंबगटांत राहतात, म्हणून एक दिसला की आणखी दिसतात. मी पाच हिवाळे तिथे गेलो आणि त्यांपैकी तीनदा चीर दिसला. तिन्ही वेळा तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या सकाळी दिसला, पहिल्या सकाळी एकदाही नाही. कारण साधे आहे : पहिल्या दिवशी आपण उतार पाहतो आणि दुसऱ्या दिवशी त्या उतारावर काल नसलेले काय आहे ते पाहतो. त्यामुळे दोन सकाळी पुरतील का, याचे माझे उत्तर 'तीन ठेवा' असे आहे. आणि हमी देणाऱ्या कंपनीला, पक्षी न दिसल्यास पैसे परत मिळतील का, एवढे लेखी विचारून पाहा.

स्कोपची गरज चीरसाठी निश्चित आहे. उतार बऱ्याचदा तीनशे-चारशे मीटर दूर असतो आणि ८×४२ मधून पक्षी आणि दगड यांतला फरक कळत नाही. सहा जणांत एक स्कोप पुरे होतो. शिवाय ज्यांना चढ सोसत नाही त्यांना रस्त्यावर खुर्ची टाकून सर्वांच्या आधी चीर पाहता येतो, हा त्याचा वेगळा फायदा.

कोकलास त्या मानाने सोपा आहे, पण त्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. बांज (ओक) आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून जाणाऱ्या, पंगोटजवळच्या किलबरीच्या रस्त्यावर सकाळी कालिज हे दुसरे फेझंट जागोजागी दिसतात. कालिजाची तपकिरी मादी झुडपात शिरताना पाहून 'कोकलास, कोकलास' असे ओरडणारे मी स्वतःसकट अनेक पाहिले आहेत. कोकलासाच्या नराचे डोके काळसर असते, मानेच्या बाजूला ठळक पांढरा ठिपका असतो आणि तुरा मागे लांब गेलेला असतो. हे तिन्ही दिसल्याखेरीज नोंद करू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तिकडचे लोक 'रस्त्यावर पाला आहे' म्हणाले तर झाडाची पाने पडली असतील असे समजून पुढे जाऊ नका. तिकडे पाला म्हणजे गोठलेले दव. सावलीतल्या वळणांवर त्याचा काचेसारखा थर बसतो आणि ऊन येईपर्यंत गाडी त्यावर घसरते. पहाटेच्या फेरीसाठी चालक स्थानिकच घ्यावा.

अमरावतीकर

ठाणेकरांनी कोसीला फारसा हात लावलेला नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. (ही कोसी कुमाऊँतली, रामगंगेला मिळणारी. बिहारला पूर आणणारी कोसी निराळी.)

आयबिसबिल हा आपल्या कुळात एकटाच उरलेला पक्षी आहे, म्हणजे त्याच्या कुळात दुसरी प्रजातीच नाही. उन्हाळ्यात तो उंचावरच्या गोट्यांनी भरलेल्या नदीपात्रांत घरटे करतो आणि थंडीत पायथ्याशी उतरतो. रामनगरच्या वर, गर्जिया देवीच्या मंदिराच्या परिसरातले कोसीचे पात्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुस्तकातल्या चित्रात काळा चेहरा, छातीवरचा काळा पट्टा आणि खाली वळलेली लाल चोच इतकी ठसठशीत दिसते की हा पक्षी नजरेतून सुटेलच कसा, असे वाटते. प्रत्यक्षात करड्या गोट्यांत तो करडा पक्षी पाठ करून उभा राहिला की चाळीस पावलांवरूनही दिसत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण तास ज्या गोट्यावर दुर्बीण रोखून होतो तो गोटाच ठरला, आणि त्याच्या शेजारचा 'गोटा' चालायला लागला.

शोधण्याची रीत अशी. पात्रात उतरू नये. काठावर उंच जागा गाठावी, सूर्य पाठीशी राहील असे बसावे आणि मुख्य धारेपेक्षा गोट्यांमधून वाहणाऱ्या उथळ, फाटलेल्या धारांवर लक्ष ठेवावे. आयबिसबिल गोट्यांखाली चोच घालून किडे काढतो, त्या वेळी त्याचे डोके सतत खालीवर होते. रंग शोधत बसण्यापेक्षा ही हालचाल शोधावी. सकाळी नदीवर धुके असते, म्हणून इथे पहाटेची घाई करून उपयोग नाही. धुके उठल्यावरचा आणि पर्यटक पात्रात उतरण्यापूर्वीचा तास-दीड तासच खरा कामाचा असतो. आपल्या तारखांत संक्रांत येते आणि त्या दिवशी कुमाऊँत नद्यांवर स्नानाची गर्दी होते, तेव्हा १४ तारखेच्या आधीच रामनगर आटोपावे. तशीही आपण सुरुवात रामनगरनेच करत आहात, ती तशीच ठेवावी.

त्याच पात्रात मोठा शेंडीवाला खंड्या, पांढऱ्या टोपीचा आणि राखी असे दोन्ही पाणथिरथिरे आणि नशीब असेल तर वॉलक्रीपरही भेटतो. वॉलक्रीपरसाठी मात्र माझी पसंती भीमतालजवळच्या चाफीला आहे. तिथे ओढ्याकाठचे खडक आणि रस्ता खोदताना उघडे पडलेले कडे जवळून पाहता येतात. स्थिर असताना तो राखाडी खडकाचा तुकडाच वाटतो. खडक चढताना मात्र दर काही क्षणांनी पंख झटकतो आणि किरमिजी रंग चमकून जातो, आणि तो ओळखायला तेवढा एक झटका पुरतो.

राष्ट्रीय उद्यानातली सफारी या दोन दिवसांत घुसवू नये, अशी आग्रहाची सूचना. वाघाची जीप पक्ष्यांसाठी थांबत नाही. कोसीचा काठ उद्यानाबाहेरून पाहता येतो. पण नदीचा काही भाग वनखात्याच्या अखत्यारीत आहे, तेव्हा कुठे थांबावे हे स्थानिक मार्गदर्शकाला विचारूनच ठरवावे.

कस्तुर (बेळगाव)

मी दोन वर्षांपूर्वी माझ्या ७१ वर्षांच्या आईला घेऊन सातताल आणि पंगोट केले, त्या अनुभवावरून ज्येष्ठ सभासदांविषयी लिहिते. दोन हजार मीटरांवर विरळ हवेचा त्रास होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्रास होतो तो थंडीचा, पायऱ्यांचा आणि रात्री उठावे लागण्याचा. घरगुती मुक्काम ठरवताना जेवणाच्या चौकशीआधी दोन गोष्टी विचाराव्यात : खोलीपासून रस्त्यापर्यंत पायऱ्या किती आहेत आणि वीज गेल्यावर पाणी कशावर तापवतात. पंगोटला आमच्या खोलीपर्यंत एकसष्ट पायऱ्या होत्या. आईने त्या मोजल्या आणि दोन्ही दिवस मला ऐकवल्या. जेवणाची मात्र अजिबात चिंता नको. तिकडे मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी आणि गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ, त्यामुळे आई दुसऱ्याच दिवशी तिथल्या स्वयंपाकघरात रमली.

सातताल ज्येष्ठांसाठी उत्तम आहे, कारण तिथे एका जागी बसून पुष्कळ दिसते. ओढ्याच्या काठी गुपचूप बसले तर ठिपकेदार फोर्कटेल, लालचोच लिओथ्रिक्स, पांढऱ्या गळ्याचे लाफिंगथ्रश यांचे थवे अंगावरून जावेत तसे जातात. थंडीत वेगवेगळ्या जातींचे लहान पक्षी एकत्र फिरतात. अर्धा तास सगळे सामसूम असते आणि मग अचानक झाडावर पंधरा जाती एकदम येतात. अशा मिश्र थव्याच्या मागे पळू नये. तो फेरी मारून पुन्हा तिथेच येतो, हे आईने माझ्या आधी ओळखले.

परंतु तिथल्या काही 'हाइड्स'बद्दल (लपून पक्षी पाहण्याच्या आडोशांबद्दल) मला मोकळेपणाने लिहायचे आहे. दाणे किंवा अळ्या टाकून आणि पाण्याचे डबके करून पक्ष्यांना रोज त्याच फांदीवर आणले जाते आणि समोर कॅमेऱ्यांची रांग लागते. ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना जवळून पक्षी दिसतो हे खरे आहे आणि माझ्या आईलाही त्याचा आनंद झाला, हे मी नाकारत नाही. तरी एका हाइडमध्ये फोनवर सतत आवाज वाजवून रूबीथ्रोटला दहा-दहा मिनिटांनी बाहेर काढत होते, ते पाहून आम्ही उठून आलो. थंडीत लहान पक्ष्याला दिवसभरात रात्रीपुरते खाणे मिळवायचे असते. त्यातला वेळ आपण खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात घालवायला लावतो. मार्गदर्शक ठरवतानाच 'आम्हांला कॉल वाजवायचा नाही' असे सांगावे. चांगला मार्गदर्शक हे ऐकून नाराज होत नाही, उलट मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री अंथरुणात आणि दिवसा आतल्या खिशात ठेवाव्यात, कारण थंडीत त्या फार लवकर उतरतात.

रानभूल (नागपूर)

सर्वांचा आदर राखून थोडे उलट लिहितो. मी जानेवारीत चोपता केले आहे. रस्ता बर्फाने बंद झाल्याने दोन दिवस खालच्या गावात अडकून पडलो, पाय ओले, चुलीपाशी बसून बटाटे खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला, बर्फावर, दहा-बारा पावलांवर मोनालचा नर पाहिला. तुंगनाथचे ३,६८० मीटरांवरचे देऊळ थंडीत बंद असते आणि वरच्या उतारांवर बर्फ असतो, म्हणून मोनाल खाली उतरतात. त्यामुळे थंडीत ते जवळून दिसण्याची शक्यता खरोखरच वाढते. उत्तराखंडचा राज्यपक्षी पाहायचा असेल तर चोपता सोडू नका, एवढेच म्हणतो. फक्त सात दिवसांच्या सहलीच्या शेपटाला ते बांधू नका, कारण परतीचे विमान बर्फासाठी थांबत नाही. वेगळे सहा दिवस काढा.

मुळाकाठी (पुणे)

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. चोपता गाळले. ते ऐकून गटात एक दिवस शोककळा होती, पण रानभूल यांचे बटाटे वाचून सगळ्यांचे मत बदलले. ज्येष्ठ सभासदांनी एकसष्ट पायऱ्यांची गोष्ट वाचून मुक्कामाची चौकशी स्वतःकडे घेतली आहे.

आता एक प्रश्न जरा संकोचाने विचारतो. नैनितालच्या परिसरातच हिमालयीन लावा शेवटचा दिसला होता असे वाचले. चीरचे उतार पाहताना त्याचाही विचार मनात ठेवावा, की ते निव्वळ स्वप्नरंजन होईल?

दुर्बीणवाला (ठाणे)

संकोचाचे कारण नाही. विनायकच्या उतारासमोर उभा राहिलेला प्रत्येक जण मनातल्या मनात तोच शोधत असतो आणि कोणी कबूल करत नाही.

हिमालयीन लाव्याचे शास्त्रीय वर्णन १८४६ साली झाले. त्यानंतर मसुरी आणि नैनिताल या दोनच परिसरांत मिळून जेमतेम डझनभर नमुने मिळाले आणि १८७६ नंतर एकही खात्रीची नोंद नाही. शेवटचा नमुना नैनितालजवळच्या शेर-का-डांडा या डोंगरावरचा आहे. दक्षिणेकडे तोंड करून असलेले उभे, गवताळ उतार ही त्याची जागा असल्याचे त्या काळच्या नोंदींवरून दिसते, म्हणजे बरीचशी चीरच्या जागेशी मिळतीजुळती. जुन्या वर्णनांप्रमाणे तो पायाखाली येईपर्यंत उडत नसे आणि उडाला तरी थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात बसे. अशा सवयीचा पक्षी एखाद्या दरीत उरला असेल, तर तो दीडशे वर्षे नजरेतून निसटू शकतो आणि उरला नसेल, तरी त्याची जागा तशीच रिकामी दिसेल. त्यामुळेच त्याला अजून 'नामशेष' म्हटलेले नाही, 'अतिसंकटग्रस्त' म्हटले जाते.

आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांना हा विचार वेडगळ वाटू नये. आपला रानपिंगळा, म्हणजे जंगलातले एक लहान घुबड, १८८४ नंतर गायब झाला होता आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तीन अमेरिकन अभ्यासकांना तो दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला. त्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. मधल्या काळात, १९१४ साली, गुजरातेत मांडवीला आपण रानपिंगळा मिळवला असा दावा रिचर्ड माइनर्त्सहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने केला होता. तो नमुना दुसऱ्याचा, चोरलेला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती, हे पुढे पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी सिद्ध केले. ती खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या, अस्सल ठिकाणी शोध घेतला, तेव्हाच पक्षी सापडला.

म्हणून लाव्याचा विचार जरूर मनात ठेवावा, पण त्याची नोंद फार जपून करावी. गवतातून लहान, गोल, तपकिरी असे काही भुर्रकन उडाले तर बहुतेक वेळा तो तित्तिर असतो. लाव्याच्या नराची चोच आणि पाय लाल होते आणि अंग गडद पाटीच्या रंगाचे होते. तसे काही दिसले तर ठिकाण, उतार, वेळ आणि जमला तर फोटो, एवढे वहीत लिहून ठेवावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मात्र अंदाजाने काहीही टाकू नये. हाच नियम कोकलासालाही लावावा.

कस्तुर (बेळगाव)

लाव्यात शिरल्यावर संक्रांत विसरली जाईल, म्हणून सांगते. कुमाऊँत त्या दिवसांत घुघुतिया असतो. गोड पिठाचे घुघुते तळून त्यांची माळ मुलांच्या गळ्यात घालतात आणि सकाळी मुले गच्चीत उभी राहून 'काले कौवा' अशा हाका मारून कावळ्यांना ते खायला बोलावतात. कुमाऊँनीत घुघुती म्हणजे होला. त्या सकाळी उताराकडे पाठ करून थोडा वेळ गावाकडेही पाहावे.

मुळाकाठी (पुणे)

नवा आराखडा असा ठरला : रामनगर दोन रात्री, सातताल दोन, पंगोट तीन. बर्फ पडल्याचे कळले तर पंगोटची एक रात्र साततालला देऊ. स्कोप भाड्याने मिळाला आहे आणि तिवई एका सभासदाकडे निघाली. हमी देणाऱ्या कंपनीला ठाणेकरांनी सुचवलेला प्रश्न लेखी विचारला होता. त्यावर त्यांनी उत्तर म्हणून आम्हांला वाघाची सफारी सवलतीत देऊ केली आहे.

कुळिथाचे पीठ घरून न्यायचे की नाही यावर गटात मतभेद आहेत. बाकी सगळे ठरले. परत आल्यावर, जे दिसले ते आणि जे दिसले नाही तेही, इथेच लिहीन.